बिनहळदीचा बटाटा

१९८६ सालच्या जून महिन्याच्या बारा तारखेला, गुरुवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बिद्यावतीचे डोळे उघडले, तेव्हा खाडीच्या धक्क्यावरून सहाही होड्या निघून गेलेल्या होत्या.

आधी तिला जाणवला तो उजेड. पत्र्याच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप तिच्या पायावर पडली होती, आणि इतका उजेड असताना आपण जमिनीवर आडव्या आहोत ही गोष्ट तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. पिठाच्या डब्याला पाठ टेकून ती क्षणभर बसली होती, एवढेच तिला आठवत होते. परात तिच्या मांडीवरून कोणीतरी अलगद काढून घेतली असावी.

गेल्या शुक्रवारी तिचा नवरा रघुबर आणि त्याचा भागीदार वाइसाके मासेमारीला बांधाबाहेर गेले होते. प्रवाळाचा तो बांध फिजीतल्या लंबासाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात आडवा पसरलेला आहे. त्याच्या आत पाणी तळ्यासारखे असते आणि बाहेर अथांग. शुक्रवारी दुपारनंतर वारा फिरला आणि त्यांची होडी परतली नाही. पोलिसांच्या लाँचने शोध केला आणि मंगळवारी हात टेकले. तेव्हापासून शोधाला जात होती ती फक्त खाडीकाठची माणसे, आपापल्या होड्या आणि आपापले पेट्रोल घेऊन. त्यांचे दुपारचे जेवण बिद्यावतीच्या घरून जाई. राई, कढीपत्ता आणि हळद घालून परतलेला तिखट बटाटा, तो मऊ रोटीत गुंडाळलेला, आणि वर वर्तमानपत्राचा कागद. एक हात सुकाणूवर असताना दुसऱ्या हाताने खाता येईल असे समुद्रावर दुसरे काही नाही.

काल संध्याकाळी वाइसाकेचा धाकटा भाऊ अपिसाई तिला म्हणाला होता, "भौजी, आता एकच पट्टा राहिलाय. किया बेटाच्या पश्चिमेचा. उद्या दुपारी वाळूच्या बेटावर जेवू आणि सगळे मिळून तिकडं जाऊ. तिथंही नसले तर..." आणि वाक्य पुरे न करताच तो गेला होता.

बिद्यावती उठून स्वयंपाकघरात आली. सासू चुलीपाशी बसून राखेने कढई घासत होती.

"अम्मा, मला उठवलं का नाही?"

"कधीची जागी होतीस. डोळा लागला, लागू दिला."

"आणि रोट्या?"

"केल्या. अपिसाई टोपली घेऊन गेला."

बिद्यावतीच्या अंगातून सुटकेचा एक श्वास निघाला, पण तो पुरता बाहेर पडला नाही. परातीच्या कडेला एक उरलेली रोटी होती, आणि तिच्यावर बटाट्याच्या चार फोडी. फोडी पांढऱ्या होत्या. मीठ लावून नुसत्या उकडलेल्या, पांढऱ्याफेक.

मयताच्या घरात फोडणी तडतडत नाही आणि हळद पडत नाही, हे या खाडीकाठी कोणाला सांगावे लागत नाही. उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेले गिरमिटिया आजे-पणजे हिंदुस्थानातून येऊन जहाजातून उतरले तेव्हा जे काही थोडे बरोबर आले, त्यात ही रीत आली. आणि पिढ्यान् पिढ्या शेजारी राहून, सुतकाच्या पंक्तीला मांडीला मांडी लावून बसून, ती पलीकडच्या गावातल्या मूळ फिजी माणसांनाही आपल्या रीतीइतकीच ठाऊक झाली आहे. घरातून पांढरे अन्न आले याचा अर्थ त्या घराने मृत्यू मान्य केला.

"हळद कुठंय?" बिद्यावतीने फळीवरचा डबा उचलला. तो रिकामा होता आणि आतून धुतलेला होता.

"मोरीत ओतली."

"अम्मा!"

"ओरडू नकोस, दुलहिन." म्हातारीने कढई पालथी घातली. "पंडितजी शनिवारी येणार आहेत. दर्भाचा पुतळा करू, त्याला अग्नी देऊ. पोराला वाट मोकळी करून देऊ."

"तो मेलाय हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्याच्या बापाच्या वेळी मलाही कोणी सांगितलं नव्हतं. पुराबरोबर गेला तो. चार महिने मी त्याच्यासाठी ताट वाढून ठेवलं. चार महिने तो दारात उभा असायचा. आत येता येईना, पुढं जाता येईना. मी पाहिलाय. माझ्या पोराला मी तसं उभं करणार नाही."

"मग हे अपिसाईला सांगितलंत का? की बाबा, आम्ही मानलं, आता जाऊ नका?"

म्हातारी पहिल्यांदा अडखळली. "गेले होते सांगायला. धक्क्यापर्यंत गेले. त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि जीभ टाळूला चिकटली. मग म्हटलं, हातानं सांगून झालंय, तेवढं पुरे."

म्हणजे अजून कोणालाही ठाऊक नव्हते. रोटी गुंडाळलेली होती, तिच्यावर कागद होता, कागदावर टोपलीचे झाकण होते. दुपारी वाळूच्या बेटावर कागद सोडतील तेव्हा त्यांना कळेल, आणि ते पश्चिमेकडे न जाता घराकडे वळतील. आज वळले की पुन्हा जाणार नाहीत. कारण वाइसाके मच्छीमार कुळातला मोठा माणूस होता. अशा माणसाचा मृत्यू मानला की त्या कुळाचे म्हातारे बांधाजवळच्या पाण्यात खांब रोवतात आणि शंभर रात्री त्या पाण्यात एकही होडी जात नाही. म्हाताऱ्यांनी अजून खांब रोवला नव्हता तो केवळ बिद्यावतीच्या चुलीकडे पाहून. अपिसाईनेच सांगितले होते, "तुमच्या घरातून फोडणीचा वास येतोय तोवर आमचे म्हातारे गप्प आहेत, भौजी."

बिद्यावतीने पदर खोचला. बटाटे फडक्यात बांधले, पिठाचा डबा बगलेत मारला, तवा, परात, कढई, राईची बाटली आणि तेल घेतले. सासू पाहत राहिली.

"कुठं चाललीस?"

"तुम्ही हातानं सांगितलंत ना? मीही हातानंच सांगते."

"दुलहिन, तुझ्या हट्टापायी तो अडकून पडेल. पाप लागेल तुला."

"लागू दे. जिवंत निघाला तर त्याच्याबरोबर बसून फेडीन."

*

अपिसाईची बायको मेरेसेईनी खाडीच्या पलीकडे राहत असे. ती धिप्पाड होती, स्वतः गळ टाकायला जाई, आणि तिचे बोलणे बाराही महिने भरतीचे असे. बिद्यावतीला चिखलातून धावत येताना पाहून ती ओट्यावरून ओरडली, "अगं, केस तरी बांधायचेस! भूत समजून माझी कोंबडी अंडं द्यायची थांबेल!" मग जवळ आलेला चेहरा पाहून ती थांबली. "कोण सापडलं?"

"कोणी नाही." आणि बिद्यावतीने धापा टाकत सगळे सांगितले.

मेरेसेईनीने ऐकून घेतले. "तुझी सासू म्हणजे आमच्या पाद्रीबाबाच्या वरताण झाली. त्याला मेलेल्या माणसावर बोलायला तासभर लागतो. हिनं बटाट्यात उरकलं."

"मला तुझी होडी पाहिजे. मी त्यांना जाऊन सांगते, मी मानलं नाही म्हणून."

"आणि ते ऐकतील? म्हणतील, बायको दुसरं काय बोलणार? बायको रडते, ओरडते, ते कोणी मोजत नाही. घरची चूल काय बोलली ते मोजतात."

"मग चूल घेऊन जाऊ," बिद्यावती म्हणाली.

मेरेसेईनी तिच्याकडे बघतच राहिली. मग घरात गेली आणि स्टोव्ह घेऊन बाहेर आली.

हळद परसात होती. मेरेसेईनीने काठीने माती उकरून ओले कंद काढले, धुतले आणि नारळ खवायच्या खवणीवर किसले. ओल्या हळदीत पाणी असते. कोरड्या पुडीच्या मानाने ती पुष्कळ जास्त घालावी लागते आणि तेलात जास्त वेळ परतावी लागते, नाहीतर कच्चा कडवटपणा राहतो. हे बिद्यावतीला माहीत होते, आणि तो वेळ आपल्याजवळ नाही हेही माहीत होते. तिने कढत पाणी घालून पीठ मळले, ओल्या फडक्यात गुंडाळले, आणि ते दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती होडीत बसली. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते.

होडी लाकडी होती आणि इंजिन लहान. मोठे इंजिन अपिसाई घेऊन गेला होता. खाडीतून तिवरांच्या मधून जाईपर्यंत पाणी स्थिर होते, आणि तेवढ्या वेळात बिद्यावतीने बटाटे सोलून मक्याच्या दाण्याएवढे बारीक चिरले. मोठ्या फोडी शिजायला वेळ घेतात आणि होडी हलली की कढईबाहेर उडतात. रॉकेलच्या रिकाम्या डब्याची एक बाजू कापलेली होती. मेरेसेईनीने त्यात वाळू भरून वर स्टोव्ह बसवला आणि डबा होडीच्या फासळीला दोरीने आवळला. वारा पाठीमागून होता. डब्याची बंद बाजू वाऱ्याकडे केली की ज्योत टिकत होती.

"पडली तर आपण दोघी पेटू," मेरेसेईनी इंजिनाच्या आवाजावरून ओरडली.

"पेटलो तर लांबून तरी दिसू!"

मोकळ्या पाण्यात आल्यावर लाटा लहान पण आखूड लागल्या. होडी प्रत्येक लाटेवर चढून धप्पदिशी खाली बसे. बिद्यावतीने कढईत तेल घातले. ते एका कडेला, मग दुसऱ्या कडेला वाहू लागले. तिने कढईचा कान फडक्याने धरून ती लाटेच्या उलट कलती केली, आणि थोड्या वेळाने तिच्या मनगटाला लाट येण्याआधी कळू लागली. राई टाकली. ती तडतडून उडाली आणि काही दाणे हातावर चटकले. मिरच्या, लसूण, कढीपत्ता, मग हळद. ओली हळद तेलात पडताच पाण्याचे शिंतोडे उसळले, आणि तो कच्चा, मातकट, कडू वास तिच्या नाकातोंडात गेला. तिने मान वळवून होडीच्या काठावरून समुद्रात ओकारी केली, चूळ भरली, तोंड पुसले, आणि बटाटे कढईत लोटले.

ती आयुष्यात कधी खाडीच्या तोंडापलीकडे आलेली नव्हती.

बटाट्यांवर ताटली झाकली आणि पाय टेकवून ती दाबून धरली. पालथी घातलेली परात पोळपाट झाली आणि बाटली लाटणे. पहिली रोटी तव्यावर अर्धी भाजली आणि अर्धी करपली. दुसरी वाऱ्याने उचलली आणि पाण्यात गेली.

"माशांचं सुतक फिटलं!" मेरेसेईनी म्हणाली, पण हसली नाही. तिची नजर सूर्यावर होती. तो डोक्याकडे सरकत होता.

तिसरीच्या वेळी लाटेचे पाणी आडवे आले आणि स्टोव्ह फुस्स करून विझला.

बिद्यावतीने काडेपेटी उघडली. सगळी गुलं भिजून मऊ झाली होती. तिने एकेक काडी ओढली. एकेका काडीचे डोके चुरगळून पेटीच्या कडेला लालसर लिंपले जात होते. कढईतला बटाटा अजून आत कचकचीत होता. तिने शेवटची काडीही ओढली, मग रिकामी काडेपेटी मुठीत चुरगळली, आणि तिच्या घशातून असा आवाज निघाला की तो आपलाच आहे हे तिला पटेना. गेले सहा दिवस ती रडली नव्हती. रडणे म्हणजेही एक प्रकारची कबुली, असे तिने धरून ठेवले होते.

"ए!" मेरेसेईनीने सुकाणू गुडघ्यात धरले आणि डोक्यावरची टोपी काढून तिच्याकडे फेकली. "अस्तरात बघ. तंबाखूच्या डबीत. आणि रडायचं असेल तर बाजूला तोंड करून रड, काड्या भिजवू नकोस."

ज्योत पुन्हा धरली.

*

वाळूच्या बेटाची पांढरी रेघ क्षितिजावर दिसू लागली, आणि तिच्या अलीकडे, समोरून, घराकडे तोंड करून येणाऱ्या तीन होड्या दिसल्या.

पुढची होडी मुनसामीची होती. मुनसामी रघुबरचा लहानपणापासूनचा दोस्त. धक्क्यावर त्याचा आवाज सगळ्यांच्या वर असे. आज तो दुरून ओरडला नाही. त्याने इंजिन बंद केले आणि होडी आपोआप जवळ येऊ दिली.

"भौजी, तुम्ही कशाला आलात इथवर? आम्ही येतच होतो घरी."

"का येत होता? पश्चिमेचा पट्टा बघून झाला?"

मुनसामीने मान खाली घातली. "कागद सोडला आम्ही, भौजी."

"ते अम्मानं केलं. मी झोपले होते. मी मानलेलं नाही, मुनसामीभाई. हे बघा." तिने करपलेल्या कडांची रोटी उलगडून धरली. आतला बटाटा झेंडूसारखा पिवळा होता. "ही आमच्या घरची. खा आणि मागं फिरा."

त्याने रोटीकडे पाहिले. हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला. "मी तो खाल्ला, भौजी. पांढरा. पहिला घास तोंडात गेल्यावरच कळलं, पण गिळला. रघुच्या नावानं गिळला. आता पुन्हा त्याच तोंडानं हे कसं खाऊ? त्याला एकदा मारला आणि परत जिवंत केला, असं करता येतं का?"

"घास थुंकून टाका."

"सुतकाचा घास थुंकतात का कोणी? तुम्ही पुढं बोलू नका. मला तुमच्याकडं बघवत नाही." तो वाकला आणि होडीच्या तळातला पेट्रोलचा डबा उचलून त्याने तो मेरेसेईनीच्या हातात दिला. मागच्या दोन होड्यांकडे वळून तो आपल्या मूळच्या आवाजात ओरडला, "ए, घरी जाण्यापुरतं ठेवा आणि बाकीचं इकडं द्या! जेवण परत करता येत नाही, पेट्रोल करता येतं!"

वाळूच्या बेटावर उरलेल्या होड्या कडेला ओढलेल्या होत्या. माणसे टोप्या काढून बसली होती. अपिसाई पाण्यात गुडघाभर उभा होता आणि त्याच्या हातात उघडलेला कागद होता. त्यातली रोटी त्याने खाल्लेली नव्हती, टाकलीही नव्हती.

होडी वाळूला लागण्याआधीच बिद्यावती पाण्यात उतरली. परात तिने डोक्यावर धरली होती. तिच्या साडीवर तेलाचे, हळदीचे आणि ओकारीचे डाग होते.

"ही खा," ती म्हणाली.

अपिसाईने दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले. "ही कोणाची, भौजी?"

"माझी. ती पांढरी अम्माची."

"मग घराचं म्हणणं काय समजायचं?"

"घर ज्याचं आहे त्याला शोधून आण आणि त्यालाच विचार."

मागे बसलेल्यांपैकी कोणीतरी हळूच म्हणाले, "म्हातारी मोठी आहे घरात. तिचा शब्द."

"ती शब्द बोललीच नाही," बिद्यावती त्या आवाजाकडे वळून म्हणाली. "विचारा तिला. धक्क्यावर उभी राहून तिला एक शब्द बोलता आला नाही. तिला इतकी खात्री होती तर आला असता."

अपिसाई तिच्या अगदी जवळ आला. "भौजी, एक खरं सांग. मी विचारतोय ते माझ्या भावासाठी विचारतोय. तुझ्या मनात काय येतं? आहेत ते?"

"मनात मी बघितलेलंच नाही. बघायला गेले तर हातातलं काम सुटेल. तू खा."

त्याने पांढरी रोटी कागदात परत गुंडाळली आणि खिशात ठेवली. पिवळी घेऊन मोठा घास तोडला. चावताना बटाट्याचा कच्चा आवाज झाला.

"शिजला नाही," तो भरल्या तोंडाने म्हणाला.

"येताना वेळ कमी होता."

"मेरेसेईनीनं होडी हाकली ना? मग नक्कीच कमी असणार. तिला आमच्या घरी वादळ म्हणतात." आणि डोळे मनगटाने पुसून तो मागे वळून ओरडला, "उठा रे! जेवण आलंय!"

तिघे-चौघे उठले. इतरांनी एकमेकांकडे पाहिले आणि मग तेही उठले. मेरेसेईनीने पेट्रोल वाटून दिले. तीन होड्या पश्चिमेकडे निघाल्या, आणि वाळूवर दोघी उरल्या.

दोघींच्या लहान इंजिनात पश्चिमेपर्यंत जाण्याइतका दम नव्हता. वाट पाहण्यावाचून दुसरे काही करण्यासारखे नव्हते. बिद्यावतीने उरलेले पीठ पुन्हा मळले. मळून झाल्यावर पुन्हा मळले. हात थांबवले की छातीत काहीतरी मोकळे सुटू पाहत होते.

"बिद्या," बऱ्याच वेळाने मेरेसेईनी म्हणाली. ती समुद्राकडे पाहत होती. "एकच सापडला तर?"

बिद्यावती पीठ मळत राहिली.

"मी वाइसाके म्हणून देवाला सांगितलं," मेरेसेईनी म्हणाली. "दोघंही म्हणायला पाहिजे होतं. पण तोंडातून तेवढंच आलं. तू रागावू नकोस."

"मीही एकाचंच सांगितलं," बिद्यावती म्हणाली.

त्यानंतर त्या दोघी एकमेकींना टेकून बसल्या.

ऊन उतरू लागले तेव्हा होड्या दिसल्या. अपिसाईची पुढे होती आणि इतर दोन्ही तिच्या दोन्ही अंगांनी, अगदी जवळून येत होत्या. रिकाम्या हाताने परतणाऱ्या होड्या अशा एकत्र येत नाहीत. दोघी पाण्यात कमरेपर्यंत गेल्या. बिद्यावतीने अपिसाईच्या होडीतली डोकी पाहायला सुरुवात केली. अपिसाई सुकाणूवर. त्याचे दोघे सोबती. आणि तळाशी, ताडपत्री पांघरून, एकाच्या मांडीवर टेकलेले चौथे डोके.

केस कुरळे होते. दाट आणि कुरळे.

मेरेसेईनीचा हात तिच्या दंडावर होता. तो आधी घट्ट आवळला गेला, मग एकदम सैल झाला, कारण मेरेसेईनीलाही त्याच क्षणी दिसले होते आणि आनंदाने ओरडावे की नाही हे तिला कळेना. बिद्यावतीने तो हात काढून घेतला आणि तिला पुढे ढकलले.

"जा," ती म्हणाली. "तुझा दीर आहे. जा."

वाइसाके तिवरांच्या एका बेटावर सापडला होता. ओठ फाटलेले, पाय प्रवाळाने सोललेले. शिंपले खाऊन आणि पानावरचे पाणी चाटून जगलेला. त्याने बिद्यावतीला ओळखले आणि तोंड झाकून घेतले. पुष्कळ वेळाने त्याने सांगितले. होडी शुक्रवारीच बांधावर फुटली. दोघे बर्फाच्या पेटीच्या झाकणाला धरून होते. रघुबरची मांडी प्रवाळाने कापली होती. "रविवारी, उजाडायच्या आधी," तो म्हणाला. "मी त्याचा हात धरला होता, भौजी. हात होता. तो नव्हता."

म्हणजे रघुबर रविवारपासूनच नव्हता, पोलिसांची लाँच अजून जात होती तेव्हापासून. मनात बघणे आता आपोआप झाले होते.

धक्क्यावर कंदील घेऊन सारे गाव उभे होते. मुनसामीने वाइसाकेला खांद्यावर घेतले. गर्दीतून सासू पुढे आली. तिने सुनेच्या पिवळ्या हातांकडे पाहिले आणि मग वाइसाकेसमोर वाकली. त्याच्या चेहऱ्यावर तिने दोन्ही तळवे ठेवले, जणू अंधारात कोण आहे ते चाचपून पाहावे.

"त्यानं पाणी मागितलं का रे?"

"हो, अम्मा."

"तुझ्याजवळ होतं?"

"नव्हतं."

म्हातारी सावकाश सरळ झाली. तिने बिद्यावतीला जवळ घेतले नाही आणि दूरही केले नाही. नुसता तिच्या हातातला तवा घेतला आणि म्हणाली, "चल, दुलहिन. घरी चल."

बिद्यावती तिच्या मागोमाग चालू लागली. मागे धक्क्यावर पोलीस चौकीचा शिपाई अपिसाईला मोठ्याने विचारत होता, किती गेले होते आणि किती मिळाले, आणि अपिसाईने घसा खाकरून, बिद्यावती ऐकण्याच्या टप्प्यात आहे हे ठाऊक असूनही, सांगितले:

"गेले होते दोन. मिळाला एक."